चार डिसेंबरचा शिरा

आपल्या मेसमध्ये शिरा कधी मिळतो हे फर्स्ट इयरच्या पोरालाही पाठ असतं. रविवारी दुपारी फीस्टला, गणपतीत एकदा, आणि मेसवाल्या काकांच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला होता तेव्हा. सोमवारी कधीच नाही. सोमवारी दुधी. दुधी नसेल तर पडवळ! त्यामुळे २०२३ च्या डिसेंबरात एका सोमवारी रात्री ताटात वाटीभर शिरा पडला तेव्हा अख्खी मेस अवाक्‌ झाली. वर बेदाणे. आमच्या विंगमधला एक नग तर म्हणाला, "अरे, खाऊ नका, मेसबिल वाढणार असेल!"

कोणीतरी शोध लावला की आज आजोबांचा वाढदिवस असणार. आजोबा म्हणजे मेसवाल्या काकांचे वडील. काउंटरवर कुपनांचं पुस्तक आणि लाल पेन घेऊन बसतात ते. नवीन मुलांसाठी सांगतो : त्यांना फसवून दुसऱ्यांदा जेवायचा प्रयत्न करू नका. चेहरा विसरतील, पण कुपनाचा नंबर विसरणार नाहीत.

झालं! पन्नास-साठ पोरांनी ताटं वाजवत 'हॅपी बर्थडे' सुरू केलं. आजोबांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं आणि म्हणाले, "गप बसा रे! माझो नाय. आरमाराचो."

पोरं हसली आणि पुन्हा शिऱ्याकडे वळली. मी मात्र हसलो नाही, कारण तारीख माझ्या डोक्यात होती. चार डिसेंबर, नौदल दिन.

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याचा. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला तरी समुद्र आल्यासारखं वाटतं! पण मला नेव्हीतच जायचं होतं. बारावीला एनडीएची लेखी पास झालो, एसएसबी निघाली, आणि मेडिकलला रंगांच्या ठिपक्यांतला आकडा काही दिसेना. तिथे संपलं. मग सीईटीच्या मार्कांवर मेकॅनिकल, आणि जतहून थेट कांदिवली. पहिलं वर्षभर मी कोणाशी धड बोलत नव्हतो. रूम पार्टनरला वाटायचं मला घरची आठवण येते. आठवण कसली, मला त्या ठिपक्यांचा राग यायचा.

त्या रात्री हात धुऊन मी काउंटरपाशी गेलो. आजोबा मान वर करून टीव्ही बघत होते. त्या वर्षी नौदल दिनाचा मोठा सोहळा पहिल्यांदाच मालवणला झाला होता. तारकर्लीच्या किनाऱ्यावर गर्दी, समोर सिंधुदुर्ग किल्ला आणि किल्ल्यापलीकडे युद्धनौका. ज्या किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरू केलं, त्याच्यासमोर आजचं आरमार उभं. आजोबांचं गाव तिथून जवळच. त्यांचे डोळे भरले होते, पण माझी चाहूल लागताच म्हणाले, "काय रे इंजिनेर, शिरो कमी पडलो?"

मी विचारलं, "आजोबा, तुम्ही नेव्हीत होता?"

"नाय. डॉकयार्डात. फिटर. छत्तीस वर्षां."

मग थोडं थांबून, "नेव्हीत होतो तो येगळो," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशीची कुपनं मोजू लागले.

आता चार डिसेंबरच का, हे आधी सांगायला हवं, कारण आपल्या होस्टेलवर विचारलं तर दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं (मी विचारून पाहिलंय!). नौदल दिनाची प्रथा इंग्रजांच्या काळातली. १९४४ साली इथल्या नौदलाने पहिला नेव्ही डे पाळला तो २१ ऑक्टोबरला. ती तारीख १८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईची, म्हणजे विजय इंग्लंडचा आणि संचलन आपलं! आपल्या स्वतःच्या विजयाची तारीख मिळायला १९७१ उजाडावं लागलं. १९७२ पासून ४ डिसेंबर ठरला.

१९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या तीन छोट्या बोटी कराचीवर गेल्या. 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर'. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन ट्रायडंट', म्हणजे त्रिशूळ. पंचविसाव्या मिसाईल बोट स्क्वाड्रनचे प्रमुख कमांडर बब्रू भान यादव 'निपात'वर होते. या बोटी किती छोट्या? दोनेकशे टनाच्या, सव्वाशे फूट लांब. आपल्या वर्कशॉपची शेडसुद्धा याहून लांब असेल. प्रत्येकीवर चार रशियन बनावटीची 'स्टिक्स' क्षेपणास्त्रं. वेग भन्नाट, पण टाकीत इंधन थोडं. मुळात या बोटी स्वतःचं बंदर राखायला बनवलेल्या. दुसऱ्याच्या दारात जाऊन हल्ला करायचं त्यांचं कामच नव्हे.

इथे मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारावेत. या बोटी रशियाहून जहाजावर लादून आल्या, तेव्हा त्या उतरवून घेण्याएवढी ताकदीची क्रेन मुंबईत नव्हती. म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून दोर लावून, ओढत, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईला आणल्या. झाली ती गैरसोयच. पण त्यातून डोक्यात प्रकाश पडला की बोट ओढत नेता येते, म्हणजे तिचं इंधन वाचवता येतं, म्हणजे ती लांब नेता येते! क्रेन नव्हती म्हणून युक्ती सुचली. आपल्याकडे लॅबमध्ये एक मशीन बंद असलं तर आपण प्रॅक्टिकलच कॉपी करतो, ते सोडा.

४ तारखेला दिवसभर बोटी पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर राहिल्या. अंधार पडल्यावर 'किल्तान' आणि 'कच्छल' यांच्या सोबतीने कराचीकडे सुटल्या. आपले नौसैनिक रशियात शिकून आलेले, म्हणून वायरलेसवर रशियन भाषेत बोलले असं सांगतात. रात्री पावणेअकराच्या सुमारास 'निर्घात'ने 'खैबर' या विनाशिकेवर क्षेपणास्त्रं सोडली. 'खैबर'वरच्यांना वाटलं विमानच आलंय. ती बुडाली. 'वीर'ने 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक बोट बुडवली. 'निपात'ने 'व्हीनस चॅलेंजर' हे मालवाहू जहाज बुडवलं आणि मग किमारीच्या तेलटाक्यांवर मारा केला. आपली एकही बोट गेली नाही. यादवांना महावीर चक्र मिळालं. तिन्ही बोटींचे कप्तान कविना, शर्मा आणि मेहता यांना वीर चक्र. त्या वेळचे नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांचं बालपण कराचीच्याच मनोरा बेटावर गेलेलं. ज्या बंदरावर हल्ल्याची आखणी केली ते बंदर त्यांना घरच्या अंगणासारखं माहीत होतं.

हे सगळं मी त्या आठवड्यात लायब्ररीत आणि रात्री जागून वाचलं. सबमिशनसाठी एवढं वाचलं असतं तर... असो.

आणि त्याच आठवड्यात, ९ डिसेंबरला, शनिवारी, मी मेसबिल भरायला गेलो. आजोबा काउंटरवर होते, पण समोर ताट नव्हतं. रोज साडेबाराला ते सगळ्यात आधी जेवतात. मी काही विचारणार एवढ्यात मेसवाले काका आतून आले आणि हळूच म्हणाले, "आज त्यांच्याशी बोलू नकोस रे. नऊ तारखेला ते संध्याकाळपर्यंत काही घेत नाहीत. उद्या ये."

मी विचारलं नाही. वर्षभर विचारलं नाही.

२०२४ च्या डिसेंबरात आजोबांनीच मला बोलावलं. गुडघे दुखत होते, काकांना मेस सोडता येत नव्हती आणि आजोबांना गेटवेला जायचं होतं. दरवर्षी ४ डिसेंबरला संध्याकाळी गेटवे ऑफ इंडियासमोर नौदलाचं 'बीटिंग रिट्रीट' असतं. नोकरीत असताना ते ड्युटी संपवून तिथेच थांबायचे, आणि निवृत्तीनंतर कांदिवलीहून लोकल पकडून जायचे. "झिला, येतस काय? जातानाचा तिकीट मी काढतलंय, येताना तू," असा करार झाला. ओरल्स संपल्या होत्या, थिअरी पुढच्या आठवड्यात. मी हो म्हटलं.

दुपारची चर्चगेट पकडली. आजोबांना खिडकी मिळाली. कांदिवली सुटल्यावर ते बाहेर बोट दाखवत सांगत होते. १९६८ साली ते मालवणहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि मामांकडे कांदिवलीला राहायला आले, डहाणूकरवाडीत. तेव्हा इथे भाताची खाचरं होती आणि रात्री बेडकांचा आवाज असायचा. दादरला चैत्यभूमीला आलेली माणसं प्लॅटफॉर्मवर पथाऱ्या पसरून बसली होती. सहा डिसेंबर दोन दिवसांवर होता. आजोबा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "माणसां लांबसून येतत. येवकच होया."

मग माहीमची खाडी गेल्यापासून मनात घोळणारा प्रश्न मी दादर सुटल्यावर विचारला. "आजोबा, नऊ तारखेला काय असतं?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं चूक झाली. मुंबई सेंट्रल गेल्यावर बोलायला लागले.

गावातून ते दोघं आले होते. एकाच वाडीतले, एकाच वर्गातले, एकाच बोटीतून. दोघंही नेव्हीच्या भरतीला गेले. दोस्त घेतला गेला. आजोबांचे तळवे सपाट निघाले. "डॉक्टरान पायाखाली कागद ठेवलो, ओलो पाय उमटवलो आणि म्हणालो, जावा घरी." ते घरी गेले नाहीत, डॉकयार्डात अप्रेंटिस लागले. दोस्त 'खुकरी'वर गेला.

सुट्टी मिळाली की दोस्त कांदिवलीला खोलीवर यायचा. मामी त्याच्यासाठी बांगडे आणायची. शेवटचा आला तो १९७१ च्या नोव्हेंबरात. जाताना म्हणाला, "मे म्हयन्यात गावाक जावया." एवढंच बोलणं.

डिसेंबरात लढाई लागली. मुंबईत ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्ध्यापर्यंत काळा रंग, भोंगा वाजला की सगळे जिन्याखाली. डॉकयार्डात पाळ्यांवर पाळ्या. "मिसाईल बोटींक मी हात लावलंय असा खोटा सांगूचंय नाय. मी अप्रेंटिस. व्हॉल्व्ह घासूचंय आणि चाय आणूचंय." पण रेडिओवर कराचीची बातमी आली तेव्हा डॉकयार्डातल्या प्रत्येक माणसाला वाटलं की आपल्याच हातून काहीतरी झालंय. त्या रात्री मामीने रेशनची साखर काढून शिरा केला. ब्लॅकआउट असल्यामुळे पणतीसुद्धा नाही. अंधारात, हाताने चाचपत सगळ्यांनी शिरा खाल्ला.

"आणि पाच दिसांनी तोच शिरो घशात इलो."

९ डिसेंबर १९७१ ला रात्री नऊच्या आधी दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने 'खुकरी'ला टॉर्पेडो मारला. काही मिनिटांतच ती गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाईफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. स्वतंत्र भारताची युद्धात बुडालेली ही एकमेव युद्धनौका. तेव्हा आपल्याकडे कराचीवरच्या दुसऱ्या हल्ल्याचा आनंद होता. ८ तारखेच्या रात्री 'विनाश' या बोटीने पुन्हा कराची गाठली होती. एक विजय, आणि चोवीस तासांच्या आत हे.

"तेचे पाय माझ्यासारखे आसते तर..." आजोबा म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "किंवा माझे तेच्यासारखे."

चर्चगेट आलं.

गेटवेला पोलिसांनी आम्हाला जिथपर्यंत सोडलं तिथे, समुद्राच्या कठड्यापाशी, उभे राहिलो. बसायची सोय निमंत्रितांना. आमच्यासारखी शे-दोनशे माणसं कठड्याला टेकून. शाळेतली पोरं, फुगेवाले, एक मराठी कुटुंब डबा घेऊन आलेलं. आजोबांनी मला सगळं क्रमाने सांगितलं. सकाळी डॉकयार्डात गौरव स्तंभावर पुष्पचक्र वाहतात, ते आपल्याला दिसत नाही. संध्याकाळी बँड, हेलिकॉप्टरं, कवायत, सी कॅडेटच्या पोरांचा खलाशी नाच. लांबून दिसलं त्यापेक्षा ऐकू जास्त आलं. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं तेव्हा शाळेतली पोरं किंचाळली, मीही किंचाळलो. ठिपक्यांचा राग त्या दोन मिनिटांत कुठे गेला कोण जाणे.

मग सूर्य बुडायला आला. बिगुल वाजला. झेंडा खाली उतरताना सगळे गप्प झाले, फुगेवालासुद्धा. आणि अंधार पडताच समुद्रात नांगरलेल्या युद्धनौकांवर एकदम दिवे लागले. टोकापासून टोकापर्यंत, दिव्यांच्या रेघांनी काढलेल्या बोटी. पाणी काळं, बोट दिसत नाही, फक्त तिचा आकार दिसतो.

"ह्या बघूक येतंय," आजोबा म्हणाले. "त्या डिसेंबरात इथे मिट्ट काळोख होतो. आता दिवे लावतत. तेका दाखवूचे होते."

मला वाटत होतं आजोबा ४ तारखेला आनंद करायला जातात आणि ९ तारखेला दुःख. तसं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी चालू होतं, आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "शिरो पण खरो, आणि ता पण खरा."

परतीच्या गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. कोणीतरी आजोबांना सीट दिली. उभ्या उभ्या मोबाईलवर वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि मी बोरिवली लोकलच्या त्या गर्दीत सुन्न झालो. पाकिस्तानचं नौदल दरवर्षी ९ डिसेंबरला 'हंगोर डे' साजरा करतं. म्हणजे ज्या दिवशी आजोबा जेवत नाहीत, त्या दिवशी तिकडे बँड वाजतो. सांगावं की नाही? कांदिवलीला उतरून रिक्षाच्या रांगेत उभं असताना सांगून टाकलं. वाटलं चिडतील.

ते म्हणाले, "ठावक आसा." रिक्षा पुढे सरकली तसे दोन पावलं चालले. "तिकडे पण कोणीतरी शिरो करीत आसतलो. आणि 'खैबर'वरच्या पोरांच्या घरात चार तारखेक कोण जेवत नसतलो. बोटीतलो माणूस सगळीकडे सारखोच बुडता."

त्यांच्या आवाजात माफी नव्हती, राग नव्हता. तेव्हाचा हल्ला चुकीचा होता असंही त्यांना म्हणायचं नव्हतं. कराचीचं नाव काढलं की आजही त्यांची छाती फुगते. फक्त हिशोब पुरा मांडायची त्यांना सवय आहे, कुपनांचा असो की माणसांचा.

त्या दिवसापासून मी एक विचार करतोय. आपण विजय साजरा करतो तो बोटींवरच्यांचा. करायलाच हवा. पण त्या बोटी ओढत आणणारे, व्हॉल्व्ह घासणारे, रात्रपाळीत चहा नेणारे? १९७१ साली 'विक्रांत'च्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, तरी ती बंगालच्या उपसागरात जाऊन लढली. ती लढू शकली ती कोणाच्या तरी हातांमुळे. त्यातल्या कोणाला चक्र मिळालं नाही, त्यांनी मागितलंही नाही. मालवणला २०२३ च्या नौदल दिनी राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला महाराजांचा पुतळा पुढच्या २६ ऑगस्टला कोसळला, तेव्हा आजोबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "इंजिनेर, समुद्राजवळ नट-बोल्ट रोज बघूचे लागतत." आमच्या मटेरियल्सच्या सरांनी गंजावर तीन लेक्चर घेतली होती. मला हे एक वाक्य जास्त लक्षात राहिलं.

एनडीएचा विषय मी आता काढत नाही. म्हणजे दुःख संपलं असं नाही. नेव्हीची जाहिरात दिसली की अजून पान उलटतो. पण सपाट तळव्यांचा एक माणूस छत्तीस वर्षं बोटींची दुरुस्ती करत राहिला, हे मला माहीत झालंय. रंग नीट न दिसणाऱ्या माणसाला पाना धरता येतो.

९ डिसेंबर २०२४ ला, सोमवारी, माझा डायनॅमिक्सचा पेपर होता. दुपारी मेसमध्ये आलो. आजोबा काउंटरवर, समोर ताट नाही. मी कुपन दिलं नाही. समोरच्या बाकावर बसलो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरची वही उघडली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. सातच्या सुमाराला काकांनी आतून दोन ताटं आणली. दुधीच होता! आम्ही दोघांनी निमूट खाल्ला.

मित्रहो, या डिसेंबरात चार तारखेला शिरा असेल. मनसोक्त खा, ताटं वाजवा, दुसरी वाटी मागा. आजोबा देतील, पण कुपन फाडूनच! नऊ तारखेला मात्र काउंटरपुढून जाताना जरा हळू बोला. तिथे दोघांचा हिशोब चाललेला असतो.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी